आरसा गेला, वजन किती गेलं?

आरसा काढला की कॅमेरा हलका होतो, असं जाहिराती सांगतात. तेच तपासू. टेबलावर निकॉनचे दोन कॅमेरे. डावीकडे २०१७चा डी८५०, हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. उजवीकडे २०१८चा झेड७, मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला. दोघांचाही सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा) आणि ४५.७ मेगापिक्सेलचा, म्हणजे जोडी बरोबरीची आहे. बॅटरी आणि कार्ड घालून डी८५० भरतो १००५ ग्रॅम, झेड७ ६७५.

डी८५०च्या डोक्यावरचा उंचवटा पाहा. त्यात पेंटाप्रिझम, म्हणजे आरशातलं चित्र डोळ्यापर्यंत पोचवणारी काच आहे आणि त्याच्या खाली तिरका आरसा. फोटो काढताना हा आरसा खटकन वर उचलला जातो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर. झेड७मध्ये सेन्सरवरचं चित्र थेट व्ह्यूफाइंडरमधल्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतल्या, छोट्या स्क्रीनवर येतं. आरसा गेला, अंतर आलं १६ मिलिमीटरवर. त्यावर डीएसएलआरची जुनी लेन्स लावायची तर मध्ये निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर हवा. आरपार पोकळ, आत एकही काच नाही. कापलेले साडेतीस मिलिमीटर तो परत जोडून देतो.

आता लेन्स लावू. जाहिराती इथे जरा गप्प होतात.

५० मिलिमीटर फोकल लेंग्थची, एफ/१.८ची. (एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले अपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रुंदी.) डी८५०वर चढणारी १८५ ग्रॅमची, खिशात मावणारी. झेड७ची? ४१५ ग्रॅम! वाचलेली जागा निकॉननं लेन्स लहान करायला वापरलीच नाही. जुनीत ७ काचा होत्या, नवीत १२ आहेत, कारण अपर्चर पूर्ण उघडं असतानाही फोटो कोपऱ्यापर्यंत शार्प हवा होता. तो येतोही. पण दोन्ही जोड्या काट्यावर ठेवा: ११९० आणि १०९०. फरक उरला १०० ग्रॅम. मनावर घेतलं तर लहान लेन्सही जमते. झेडचीच ४० मिलिमीटर एफ/२ अवघी १७० ग्रॅमची आहे.

दूरचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्सपुढे मात्र कुणाचं फारसं चालत नाही. २०० मिलिमीटर, एफ/२.८ म्हटलं की २०० भागिले २.८, पुढची काच किमान ७१ मिलिमीटरची हवीच, मागे आरसा असो वा नसो.

राहिली बॅटरी. आकार दोन्हीकडे सारखाच. अधिकृत चाचणीत एका चार्जिंगवर डी८५० १८४० फोटो काढतो, झेड७ ३३०. बॉडीत वाचलेले ग्रॅमही ३३०च, हा निव्वळ योगायोग. प्रत्यक्षात फोटो याहून बरेच जास्त निघतात, तरी दिवसभराचं लग्न शूट करणारा झेड७वाला जास्तीच्या बॅटऱ्या घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्यांचंही वजन धरा.