भित्यापाठी ब्रह्मराक्षस

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. तर मनाच्या शक्तीने हेरगिरी हा विषय काढला की समोर दोनच चेहरे दिसतात, एक "हॅ, काहीतरीच काय" वाला आणि दुसरा "मला माहितीच होतं, सरकार लपवतंय" वाला. मला दोघांशीही थोडं भांडायचंय. कारण खोलीत बसायचं, डोळे मिटायचे आणि रशियात काय चाललंय ते सांगायचं, एवढ्या कामासाठी अमेरिकेने वीसेक वर्षं माणसं पगारावर ठेवली होती हे शंभर टक्के खरंय, सीआयएने 2017 मध्ये ऑनलाइन टाकलेल्या जुन्या फायलींत त्याचे ढीगभर कागद आहेत, कुणीही वाचावेत.

पण सुरुवात बघा कशी झालीय. 1960 मध्ये एका फ्रेंच मासिकात बातमी आली की अमेरिकन नेव्हीने नॉटिलस या अणुपाणबुडीवर टेलिपथीचा प्रयोग केला, म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस पत्ते बघतोय आणि पाण्याखालचा ते ओळखतोय. नेव्ही म्हणाली असलं काहीही केलेलं नाही. झालं, आता नाही म्हणाले म्हणजे नक्की केलंय! लेनिनग्राडला लिओनिद वासिलिएव्ह म्हणून शरीरशास्त्रज्ञ होते, टेलिपथीवर कितीतरी वर्षांपूर्वीपासून काम करत होते, त्यांनी ही बातमी पुढे केली की बघा अमेरिकन करतायत आणि आपण मागे पडतोय, आणि त्यांच्या संशोधनाला पुन्हा जोर आला. मग तिकडून बातम्या उलट फिरल्या की रशियन मनोशक्तीवर काम करतायत, आणि 1972 मध्ये अमेरिकेच्या डिफेन्स इंटेलिजन्सने त्यावर चांगला जाडजूड रिपोर्ट लिहिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच, फक्त इथे भित्रे दोन होते आणि दोघांकडे अणुबॉम्ब होते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू झालं. करणारे कुणी मांत्रिक नव्हते हां, रसेल टार्ग आणि हॅरोल्ड पुटहॉफ, दोघंही लेझरवाले भौतिकशास्त्रज्ञ. न्यूयॉर्कचा चित्रकार इंगो स्वान तिथे आला आणि म्हणाला मला नुसते अक्षांश-रेखांश द्या, तिथे काय आहे ते मी सांगतो. याला नाव पडलं रिमोट व्ह्यूइंग. (उरी गेलर, तो मनाच्या जोराने चमचे वाकवतो म्हणणारा, तोही तिथे येऊन गेला, पण त्याच्यावर वेळ घालवत नाही.) 1970 च्या दशकाच्या शेवटी आर्मीने मेरीलँडमधल्या फोर्ट मीडला स्वतःचं युनिट काढलं. नावं बदलत गेली, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी स्टार गेट.

आता तुमच्या डोळ्यासमोर संजय आला असणार. संजय कसं, कोण रथावर आहे, कुणी शंख फुंकला, सगळं नावानिशी सांगतो. इथले संजय काय सांगायचे? काहीतरी गोल आहे, धातूचं वाटतंय, गार आहे, जवळ पाणी असावं. आता असं वर्णन पृथ्वीवर कुठे बसत नाही सांगा! अंदाजपंचे दाहोदरसे. तपासणाऱ्याला खरी जागा आधीच माहीत असली की तो बरोबर तेवढंच उचलतो, आणि सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये तर डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांना असंही सापडलं की सांगितलेलं लिहून घेतलेल्या उताऱ्यांमध्येच कोणता उतारा कितव्या जागेचा हा क्रम ओळखता येईल असे धागेदोरे राहून गेले होते.

डिसेंबर 1981 मध्ये रेड ब्रिगेड्स या डाव्या अतिरेकी गटाने इटलीत अमेरिकन जनरल डोझियर यांना पळवलं. तेव्हाही या मंडळींना विचारलं होतं. 42 दिवसांनी पाडुआच्या एका फ्लॅटमधून त्यांना सोडवलं ते इटालियन पोलिसांनी, साध्या पोलिसी तपासाने.

1995 मध्ये सीआयएने बाहेरच्यांकडून तपासणी करून घेतली. संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स म्हणाल्या, लॅबमधले आकडे नुसत्या योगायोगाने येण्यासारखे नाहीत. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, प्रयोगांची रचनाच अजून इतकी पक्की नाही की असा निष्कर्ष काढावा. ही भांडणं आजही चालू आहेत, चालू द्या. पण एका मुद्द्यावर रिपोर्ट स्पष्ट होता, यातल्या माहितीवर विसंबून एकही गुप्तचर कारवाई झालेली नाही. सुमारे 2 कोटी डॉलर गेले आणि दुकान बंद.

हां, तुमचा हात वर आहे मघापासून. क्रेन? मला वाटलंच कुणीतरी विचारणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, 1974 मध्ये पॅट प्राइस या माजी पोलीस अधिकाऱ्याला सोव्हिएत युनियनमधल्या सेमिपलाटिन्स्कच्या एका गुप्त जागेचे फक्त अक्षांश-रेखांश दिले, आणि त्याने एक अवाढव्य क्रेन काढली, तशी क्रेन उपग्रहाच्या फोटोत खरंच होती. होती हो, नाकारत नाही मी. पण त्याच बैठकीत त्याने बाकी बरंच काही सांगितलं ते चुकीचं निघालं. आता तुम्ही त्या टेबलाशी बसलेले अधिकारी आहात असं धरा, समोर त्याने सांगितलेल्या वीस गोष्टी आहेत, तुमच्याकडे फोटो नाही, कारण फोटो असता तर प्राइसला विचारलंच कशाला असतं. वीसपैकी क्रेनवरच बोट कसं ठेवणार तुम्ही?