डबा आपला, पिशवी दुकानदाराची

मंडळी, विषय दिलाय 'छोट्या उद्योजकाचा ब्रँड'. समोर निम्म्या जणी लोणची-मसालेवाल्या दिसतायत, मागे पोळी-भाजी केंद्रवाले आहेत, आणि उजवीकडे माझी दादरची गिऱ्हाइकंही येऊन बसलीयत. त्यांना आधीच सांगते, आज भाजणी आणलेली नाही, नुसतं बोलायला आलेय! ट्रेडमार्कचं, म्हणजे आपल्या मालाचं नाव सरकारदरबारी नोंदवण्याचं, सांगायचं कबूल केलंय, ते येतंच. पण त्याआधी एक गोष्ट ऐका.

आमच्या सासूबाई थालीपिठाची भाजणी करायच्या. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, धणे सगळ्यात शेवटी आणि मंद आचेवर, कारण धणे करपले की अख्खी भाजणी कडू. गिरणीत स्वतः उभ्या राहायच्या. आपल्या आधी कुणी मिरची दळली असेल तर डबा उचलून सरळ घरी. दर आठवड्याला ही भाजणी आमच्या भागातल्या एका दुकानात जायची. दुकानदार ती आपल्या छापील पिशव्यांत भरायचा. पिशवीवर गणपती, दुकानाचं नाव, फोन नंबर. एकदा एका लग्नात पंगतीत शेजारच्या बाई सासूबाईंनाच सांगत होत्या, "अहो, भाजणी घ्यायची तर त्याच्याकडचीच, दुसरीकडे ती चव नाही." सासूबाई "हो का?" म्हणाल्या आणि जेवत राहिल्या.

पुढे दुकानदाराला कुठूनतरी स्वस्तात भाजणी मिळाली. एका शनिवारी आमचा डबा भरलेलाच परत आला. पिशवी मात्र तीच राहिली. चव बदलली म्हणून कुरकुरणारे होते, पण ते आम्हाला शोधणार कसे? आमचं नाव त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यानं कायदा मोडला नाही, तरी मला अजून त्याचा राग येतो. इतक्या वर्षांची चव आमची, आणि त्या चवीवर बसलेला विश्वास सगळा त्याच्या खात्यात.

म्हणून सांगते, लोगोवर पैसे नंतर घाला, आधी प्रत्येक पुडीवर आपलं नाव घाला. दुकानदार नको म्हणाला तर दुसरा बघा. आणि त्या नावाखाली एकाच दर्जाचा माल. लिज्जतचं उदाहरण घ्या. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. सुरुवातीला हलका स्वस्त पापडही करायच्या. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं, एकच चांगला पापड करा, दर्जा सोडू नका. हे त्यांनी ऐकलं, म्हणून ते नाव आज घराघरात आहे. आपल्याकडे मात्र दिवाळीला ऑर्डर वाढली की चिवड्यात शेंगदाणे कमी होतात. हसू नका, गिऱ्हाईक मोजतं!

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर भराभर.

नाव निवडताना 'घरगुती मसाले', 'शुद्ध लोणची' असलं ठेवू नका. मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दावर सहसा हक्क मिळत नाही. देवाच्या नावांचे अर्ज आधीच ढीगभर असतात. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव फुकट शोधता येतं, ते आधी करा, मग लेबलं छापा. अर्ज मालाच्या वर्गाप्रमाणे करायचा: मसाले, पिठं वर्ग 30 मध्ये, लोणची 29 मध्ये. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी वर्गामागे 4500 रुपये. उद्यमचं प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, जवळ ठेवा. तपासणी होते, हरकत आली तर उत्तर द्यायचं, मग नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिने कुणीही विरोध करू शकतं. नोंदणी झाली की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. नावापुढे 'टीएम', म्हणजे ट्रेडमार्कची खूण, आजपासून लावा. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर गुन्हा आहे. ट्रेडमार्कचं कार्यालय आपल्या मुंबईतच, अँटॉप हिलला आहे.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. उद्या कुणी तुमचं नाव उचललं, तर तुम्ही ते आधीपासून वापरताय हे दाखवावं लागतं. जुनी बिलं, पहिली लेबलं, छापखान्याची पावती, सगळं तारखेसकट एका फायलीत लावा. बिलावर नुसतं 'मसाला 2 किलो' नको, ब्रँडचं नाव हवं. बिलबुकं आणली असतील त्यांनी बाहेर टेबलापाशी थांबा, एकेक बघून देते.