लहान मंडळीच्या पाळकांना

सर्व श्रोत्यांना सलाम आणि नमस्कार.

आज मला बोलायचं आहे ते पुणे आणि आसपासच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या छोट्या समुदायांच्या, पाळकांशी, पास्टरांशी. इतरांनीही ऐकावं, कारण शेवटी मला जे मागायचं आहे ते मंडळीतल्या तुम्हा-आम्हा सभासदांकडे मागायचं आहे. मी स्वतः पाळक नाही. एका लहान मंडळीच्या कमिटीवर खजिनदार म्हणून हिशेबाची वही सांभाळत आलो. त्या वहीतून पाळकांचं आयुष्य जितकं दिसतं, तितकं समोरच्या बाकावर बसून दिसत नाही.

पुण्यातलं चर्च म्हटलं की मोठ्या वास्तू आठवतात. गुरुवार पेठेतलं पंच हौद आणि त्याचा वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा, कॅम्पातलं १८२५ सालचं सेंट मेरीज, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं नाना पेठेतलं सिटी चर्च. पण याच शहरात रविवारी सकाळी भोसरीत शाळेच्या वर्गातली बाकं सरकवून, वडगाव शेरीत कुणाच्या तरी घरातला सोफा आतल्या खोलीत ढकलून, हडपसरला भाड्याच्या गाळ्याचं शटर वर करून उपासना सुरू होते. तीस-चाळीस माणसं. जोराचा पाऊस असला तर पंधरा-वीस. बाहेर पाटी असतेच असं नाही. या पाळकांची नावं कुठल्या पाहुण्यांच्या यादीत येत नाहीत, आणि माझा जीव त्यांच्यात आहे.

पाळकसाहेब, रविवारी उपासना आटोपून तुम्ही घरी जाता, ताटावर बसता आणि मनात आकडा घोळत असतो. मागच्या रविवारी बेचाळीस होते, आज एकतीस. कोण आलं नाही? माझ्या संदेशात, प्रवचनात काही राहिलं का? मग फोन हातात घेतला की त्यावर कुठल्या तरी मोठ्या शहरातली हजारोंची सभा, दिवे, पडदे, गायकांचा संच. आपल्याकडे एक पेटी आणि एक तबला, आणि तबला वाजवणारा मुलगा त्या दिवशी शिफ्टवर.

हा एकतीसचा आकडा जरा उलगडून बघू या. पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी तिथला माणूस यंत्रावर उभा असतो. आपल्या मंडळीत नर्सेस असतात, त्यांना रविवार आणि सोमवार सारखेच. पुण्यातली मराठी मंडळी बरीचशी नगर, जालना, सोलापूरकडून पोटासाठी आलेली. नाताळ आला की ती गावच्या चर्चकडे ओढली जाते, आणि इथे पाळक सणाच्याच दिवशी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहतात. घरभाडं वाढलं की कुटुंब वाघोलीला किंवा मोशीला सरकतं, आणि दोन बस बदलून लेकरांसह दहाच्या उपासनेला पोचणं म्हणजे सकाळी सातला घर सोडणं. यात तुमच्या संदेशाचा दोष कुठे आला? काही ठिकाणी गुरुवारी संध्याकाळी कारखान्यातल्या माणसांसाठी घरगुती प्रार्थना ठेवता येईल. रविवारी न दिसणारी माणसं तिथे दिसतील.

तुमची संडे स्कूलची मुलं मोठी होतात आणि बंगळुरूला जातात, आखातात जातात, लग्न होऊन नाशिकला जातात. इथल्या वहीत वजाबाकी होते. पण तुम्ही ज्या मुलीला स्तोत्रं पाठ करायला शिकवलंत, ती तिकडच्या मंडळीत मुलांना शिकवत असते. तिकडच्या पाळकांना तुमचं नावही ठाऊक नसतं.

याच पुण्यातलं एक उदाहरण देतो. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ च्या सुमाराला मोठं वादळ उठलं आणि बऱ्याच पालकांनी आपापल्या मुली सदनातून काढून नेल्या. ज्यांच्यासाठी रात्रंदिवस झटावं, त्यांचीच माणसं हात धरून त्यांना घेऊन जातात, हे काय असतं ते लहान मंडळीच्या पाळकांना वेगळं सांगायला नको. रमाबाई उरलेल्या मुलींना शिकवत राहिल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आनंदीबाई कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, कुठल्याही मंडळीच्या वहीत त्यांचं नाव चढलं नाही. पण रमाबाईंच्या छायेत शिकलेली ही मुलगी पुढे विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झिजली. मला हा इतिहास वाचताना नेहमी वाटतं, की आपण रविवारी दुपारी मांडतो तो हिशेब फारच तोकडा आहे.

विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी १७९३ मध्ये बंगालात उतरले आणि पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. मधली सात वर्षं त्यांनी भाषा शिकण्यात आणि भाषांतरात घातली. पुढे बंगालातल्या श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. त्या सात वर्षांत त्यांना कुणी उपस्थिती विचारली असती तर उत्तर काय द्यायचं होतं?

आणि मुळात आपली सुरुवातच घरांतून झाली. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो, नुंफेच्या घरातल्या मंडळीला सांगतो, फिलेमोनाच्या घरातल्या मंडळीला सांगतो. सिरियात फरात नदीकाठी दुरा युरोपोस इथे उत्खननात इसवी सन २४० च्या आसपासचं एक ख्रिस्ती उपासनागृह सापडलं. ते साधं राहतं घर होतं. भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, साठ-सत्तर माणसं मावतील एवढी. म्हणजे हडपसरच्या गाळ्यात तुम्ही करता आहात ती उपासना जुन्यात जुन्या रीतीची आहे. मोठी चर्चं नंतर आली.

आता कामाचं बघू. तुमच्याकडे तीस घरं आहेत असं धरा. आठवड्याला दोन घरांना भेट दिली तर पंधरा आठवड्यांत सगळी घरं होतात, वर्षातून तीन वेळा प्रत्येक उंबरा ओलांडला जातो. हजारांच्या मंडळीत हे एका माणसाच्या हातून होणं अशक्य. तुम्हाला माहीत असतं की कुठल्या घरात मुलगा बारावीला आहे, कोणाची नोकरी गेली आहे आणि त्यांनी ती घरात अजून सांगितलेली नाही, कोणत्या आजीला रात्री झोप लागत नाही. ससूनच्या वॉर्डात रात्री अकराला तुमची दुचाकी लागते तेव्हा नातेवाइकांना आधी फोन करून तुम्ही कोण ते सांगावं लागत नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. तुम्ही नेमकं तेच करता आहात. याला मोठ्या सेवेची पूर्वतयारी समजू नका. हीच पाळकीय सेवा, पूर्ण आणि खरी.

संदेशाचंही तसंच. तीस माणसांपुढे माइक लागत नाही, डोळे दिसतात. एखादी बाई मान खाली घालते ते दिसतं, आणि तुम्ही तिथे थांबू शकता. मोबाइलवरच्या वक्त्यांसारखं बोलायला जाऊ नका. शास्त्रपाठ नीट, सावकाश वाचा. वीस मिनिटं मनापासून बोला. आणि गाण्यांची चिंता कशाला? नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली. ती भजनं पेटी-तबल्यावर, नाहीतर नुसत्या टाळांवर, लहान खोलीत जितकी रंगतात तितकी मोठ्या सभागृहात रंगत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

तरीही असे दिवस येतात की हे सगळं ऐकून काही उपयोग होत नाही. माणूस थकलेला असतो. अशा वेळी पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावरच्या एवढ्या मोठ्या विजयानंतर ईजबेल राणीची एक धमकी येते आणि एलीया संदेष्टा जीव घेऊन पळतो. अरण्यात एका रतामाच्या झुडपाखाली बसून तो म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. आणि देव काय करतो? रागावत नाही, उपदेशही करत नाही. एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो आणि पुन्हा खायला लावतो, कारण वाट लांबची आहे. होरेबाचा डोंगर, तो मंद वाणीचा आवाज, हे सगळं त्यानंतर. मी एकटाच उरलो, ही त्याची तक्रार देव ऐकून घेतो, आणि मग सांगतो की इस्राएलात अजून सात हजार आहेत. शिवाय त्याला अलीशा मिळतो, सोबतीला आणि पुढचं काम हाती घ्यायला.

झोप, जेवण, सोबती. पाळकसाहेब, आठवड्यातला एक दिवस खरोखर सुट्टीचा ठेवा आणि मंडळीला तो जाहीर सांगा. आपल्या भागातल्या दुसऱ्या दोन-तीन पाळकांना महिन्यातून एकदा भेटा, पंथ वेगळा असला तरी. ते चालवायला ना संस्था लागते ना निधी. कुणाच्या तरी घरी चहा आणि प्रार्थना. जे बोलणं कमिटीपुढे करता येत नाही ते तिथे करा. आणि निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, जे सांगतो ते ऐका: एकट्याने सगळं करशील तर तूही झिजशील आणि लोकही. शास्त्रपाठ, प्रार्थना, आजाऱ्यांच्या याद्या, खुर्च्या मांडणं, किल्ल्या, हे दुसऱ्यांना द्या. सुरुवातीला तुमच्यासारखं होणार नाही. होऊ द्या तसंच.

आता सभासदांशी, आणि विशेषतः माझ्यासारख्या कमिटीवरच्या मंडळींशी. पाळकांचं मानधन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलंच पाहिजे. पुण्यातलं घरभाडं आणि मुलांची फी दानार्पणाची वाट बघत थांबत नाहीत. नवा स्पीकर, नव्या खुर्च्या, नाताळची रोषणाई, हे सगळं त्यानंतर. बरेच पाळक आठवडाभर दुसरी नोकरी करून सेवा करतात; त्यांना पेट्रोलचा खर्च मागावा लागू नये, तो हिशेबात आधीच धरा. पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, संडे स्कूल, महिला संघ आणि आल्यागेल्याचं जेवण सांभाळतात आणि त्यांच्या नावापुढे आपल्या वहीत एक रुपयाही नसतो, याचा येत्या बैठकीत विचार करा. त्यांच्या मुलांना मंडळीची मुलं म्हणून वागवा, त्यांच्या वागण्याची चर्चा करू नका.

आणि या आठवड्यात पाळकांना एक फोन करा. काम सांगायला नको, तक्रारीला तर नकोच. मागच्या रविवारच्या संदेशातलं जे वाक्य तुमच्या लक्षात राहिलं असेल ते त्यांना सांगा, आणि त्यांच्या घरी सगळे कसे आहेत ते विचारा.

सर्व पाळकांना, पाळकीणबाईंना आणि त्यांच्या लेकरांना माझा प्रेमाचा सलाम.