छारानगरची नाटकवाली पोरं

(दृश्य: अहमदाबाद. नरोड्याकडे जाणारा रस्ता, रिक्षांची गर्दी, कुबेरनगरमधल्या दुकानांच्या पाट्या.)

अहमदाबादेत रिक्षात बसून ‘छारानगर’ म्हटलं, की काही रिक्षावाले आधी आरशातून तुमच्याकडे नीट बघून घेतात. कुणी नाक मुरडत ‘कुबेरनगरला सोडतो, पुढे चालत जा’ म्हणतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि शहराच्या लेखी या वस्तीची ओळख दोनच गोष्टींची: हातभट्टी आणि चोरी.

ही ओळख साफ खोटी आहे, असं वस्तीतली माणसंही म्हणत नाहीत. भट्ट्या आहेत. पण याच गल्ल्यांमधून काळे कोट घालून कोर्टात निघालेले वकीलही दिसतात, आणि ते दोन-चार नाहीत, चांगले ढीगभर आहेत. शिक्षक आहेत, पत्रकार आहेत. आणि इथली पोरं नाटकं करतात. स्वतः रचून, स्वतः बसवून, रस्त्यावर उभी राहून. १९९८ पासून. त्यांच्या गटाचं नाव ‘बुधन थिएटर’. हा बुधन छारानगरचा नव्हता. गुजरातचाही नव्हता. त्याच्याकडे येऊच.

(दृश्य: जुनी सरकारी कागदपत्रं, अंगठ्यांचे ठसे, हजेरीची वही.)

छारा कोण, हे कळायला १८७१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी इंग्रज सरकारनं ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. माणसानं काय केलं ते न बघता, तो कुठल्या जमातीत जन्मला एवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. जमातीची नोंद करायची, माणसांची हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. पुढे तो देशभर पसरला, आणि अशा जमातींना कुंपणात ठेवायला ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. आपल्याकडे सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे. तेव्हा गुजरात आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग एकाच मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे कायदाही तोच आणि अंमलही तोच. कुबेरनगरला छारांना याच व्यवस्थेनं आणून वसवलं.

छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचे नातलग. घरात बोलतात ती भांतू. पुण्या-पिंपरीतला कंजारभाट माणूस छारानगरात गेला, तर त्याला दुभाषा लागणार नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशातून गेला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण ठिकठिकाणी ‘सराईत गुन्हेगारां’साठीचे कायदे त्याच्या जागी आले, आणि पोलीस ठाण्यातली नजर तर कुठल्याच कायद्यानं बदलली नाही. शेजारच्या भागात घरफोडी झाली, की झडती छारानगरात.

(दृश्य: गल्लीतली मुलं. दप्तरं, सायकली. एक मुलगा ओट्यावर बसून वहीत लिहितोय.)

आता या वस्तीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शाळेत पेन हरवलं, की सगळ्या वर्गाची मान याच्याकडे वळते. दहावी-बारावी झाली, नोकरीचा अर्ज भरला, पत्त्याच्या रकान्यात ‘छारानगर’ लिहिलं, की पुढचं उत्तर येतच नाही. घरात बहुधा कुणीतरी भट्टीवर असतं. पैसा तिथे लगेच दिसतो. आणि चौदाव्या वर्षापासून ठाऊक असतं की आपला पहिला पोलीस-मार कधीतरी होणारच आहे.

समाजसेवेच्या भाषेत अशा मुलांना ‘धोक्यातली मुलं’ म्हणतात, आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा असं असतं की ही पोरं उद्या समाजाला धोका होतील, म्हणून त्यांना आजच कशात तरी गुंतवा. चित्रकला शिकवा, क्रिकेट खेळवा, नाटकात घाला. छारानगरच्या पोरांनी या समजुतीला पहिल्याच नाटकात सुरुंग लावला. धोका कुणापासून कुणाला आहे, हेच त्या नाटकात होतं.

(दृश्य: वाचनालय. पुस्तकांची कपाटं, जमिनीवर सतरंजी.)

१९९८ साली बडोद्यात भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी एक गट स्थापन झाला. त्यात तीन माणसं पुढे होती. एक, बंगालीतल्या लेखिका महाश्वेता देवी. दुसरे गणेश देवी, मूळचे आपल्या भोरचे, पण बडोद्यात इंग्रजी शिकवता शिकवता ते सोडून आदिवासींच्या भाषांकडे वळलेले. तिसरे ‘उचल्या’ हे आत्मकथन लिहिणारे लक्ष्मण गायकवाड. ही मंडळी छारानगरात येऊ लागली. तिथल्या तरुणांशी बोलणं झालं आणि वस्तीत एक वाचनालय सुरू झालं. मोठा प्रकल्प नाही, फीत कापणं नाही. एक खोली, पुस्तकं, आणि संध्याकाळी जमायला जागा. माझ्या मते, पुढचं जे काही झालं त्यात या जागेचा वाटा नाटकाइतकाच आहे. पोरांना वस्तीत बसायला अशी दुसरी जागाच नव्हती, जिथं कुणी दारूचा हिशेब करत नाही.

आणि याच वाचनालयात एक निकालपत्र येऊन पडलं.

(दृश्य: पुरुलियाचा कोरडा माळ, लाल माती. पानाची टपरी, जुनी सायकल.)

पश्चिम बंगालमधला पुरुलिया जिल्हा. अकरबाईद गावचा बुधन शबर. खेडिया शबर ही तिथली जमात, तिच्यावरही इंग्रजांनी तोच शिक्का मारलेला. १० फेब्रुवारी १९९८ ला बुधन बायकोला, श्यामलीला, सायकलवर घेऊन निघाला होता. पान घ्यायला टपरीशी थांबला, तिथून पोलिसांनी त्याला उचललं. १७ फेब्रुवारीला तो कैदेत मेला. गमछानं गळफास घेतला, असं सांगण्यात आलं.

पुढचा भाग मला या सगळ्या हकिकतीत सर्वात विलक्षण वाटतो. प्रेत लवकर जाळलं जावं, असा दबाव होता. शबरांनी काय केलं, तर पुतळा बनवला आणि चितेवर तो जाळला. बुधनला त्यांनी गुपचूप पुरून ठेवलं. निरक्षर, भुकेली म्हणून हिणवली जाणारी ती माणसं पुरावा राखून बसली. त्यामुळेच पुन्हा शवविच्छेदन होऊ शकलं. महाश्वेता देवींच्या पुढाकारानं शबर कल्याण समिती कोलकाता उच्च न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायमूर्ती रुमा पाल यांनी सीबीआय चौकशीचा आणि श्यामलीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

(दृश्य: तालीम. गोलात बसलेली मुलं, हातात झेरॉक्सचे कागद.)

निकालपत्र विमुक्तांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या नियतकालिकात छापून आलं होतं. छारानगरच्या पोरांनी ते वाचलं. कोर्टाची भाषा काय असते ते आपल्याला माहीत आहे: अमुक तारखेस, अमुक वाजता, अर्जदाराचं म्हणणं असं, प्रतिवादीचं म्हणणं तसं. पण ज्याच्या घरात झडती झालेली आहे, त्याला त्या रुक्ष ओळींतून सगळं दिसतं. उचलताना काय बोलले असतील, ठाण्यात कुठे बसवलं असेल, बायको दारात किती वेळ उभी राहिली असेल. पुरुलिया त्यांनी बघितलेलं नव्हतं. गरजही नव्हती.

लेखक नव्हता, म्हणून नाटक लिहिलं गेलं ते असं: एकजण बुधन, एकजण फौजदार, ‘चल, करून बघू’. चार वेळा करून बघायचं, खोटं वाटलं ते टाकायचं, खरं वाटलं ते ठेवायचं. आपसात भांतू आणि गुजराती, नाटकात हिंदी, कारण ते वस्तीबाहेरच्यांना ऐकवायचं होतं. नेपथ्य परवडणार नव्हतं. मग माणसंच भिंत होतात, माणसंच कोठडी होतात.

मारहाणीचा प्रसंग कसा बसतो ते जवळून बघण्यासारखं आहे. काठी जमिनीवर आपटते, अंगाला लागत नाही. मार घेणाऱ्यानं आवाजाच्या बरोब्बर त्याच क्षणी अंग आखडायचं, आणि श्वास आधीच भरून ठेवायचा, म्हणजे ओरडणं पोटातून येतं. नवीन मुलाला हे जमायला वेळ लागतो. इतर ठिकाणी दिग्दर्शक सांगतो, ‘कल्पना कर.’ इथे तसं सांगावं लागत नाही, उलट पोराला सावरावं लागतं.

(दृश्य: बाजार. कापडाचं दुकान, काउंटरवर गर्दी.)

अभिनय यांना कुठून येतो? याचं उत्तर छारानगरचे लोक स्वतःच मिश्किलपणे देतात. पूर्वी त्यांच्या घराण्यांत गाणं, नाच, कसरती होत्या. आणि चोरी करायलाही अभिनय लागतोच की! दुकानात दोघांनी भांडण उकरून काढायचं, आवाज चढवायचा, दुकानदार सोडवायला पुढे आला की तिसऱ्यानं काम उरकायचं. भांडण खोटं वाटलं, तर तुरुंग. एवढा कडक प्रेक्षक कुठल्या नटाच्या वाट्याला येत नाही. बुधन थिएटरची मंडळी ही गोष्ट लपवत नाहीत, चारचौघांत सांगतात. आमच्या आजा-आजीचं कसब आहे, आम्ही ते दुसरीकडे वळवलं. मला हा खुलेपणा आवडतो. स्वतःला धुऊन-पुसून सादर करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे.

(दृश्य: रस्त्यावरचा प्रयोग. गोल धरून उभी माणसं, गच्चीवरून वाकून बघणारी बायका-मुलं.)

३१ ऑगस्ट १९९८. विमुक्तांच्या मुक्तीला सेहेचाळीस वर्षं झाली, त्या दिवशी छारानगरातच ‘बुधन’चा पहिला प्रयोग झाला. देशभरातून आलेले विमुक्त समाजांचे लोक समोर होते. नाटकाच्या शेवटी नट प्रेक्षकांकडे वळून विचारतात: आम्ही या देशाचे दुय्यम नागरिक आहोत का? प्रश्न बुधनच्या तोंडचा, आणि विचारणारा छारानगरचा पोरगा. गटाला त्याचंच नाव राहिलं.

त्या पोरांचा म्होरक्या होता दक्षिण छारा, म्हणजे दक्षिण बजरंगे. पुढे तो माहितीपट करू लागला, २०१७ साली ‘समीर’ हा हिंदी चित्रपटही त्यानं दिग्दर्शित केला. पण तालमी सुटल्या नाहीत.

(दृश्य: महाराष्ट्र. माळावर पालं, तीन दगडांची चूल.)

दुसरं नाटक आपल्या दारातलं. बारामतीचा पिन्या हरी काळे, पारधी. १९९८ च्या जूनमध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पुरुलियातल्या बुधननंतर जेमतेम चार महिन्यांनी. महाराष्ट्रात त्यावर किती नाटकं झाली? छारानगरच्या मुलांनी ‘पिन्या हरी काले की मौत’ बसवलं. गुजरातच्या एका बदनाम वस्तीतली पोरं बारामतीच्या पारध्याची गोष्ट गावोगाव सांगत होती.

आपल्याकडे विमुक्त जाती-भटक्या जमातींना सवलती आहेत, आश्रमशाळा आहेत. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन महाराष्ट्रीय माणसांच्या अध्यक्षतेखाली दोन राष्ट्रीय आयोगही झाले. अहवाल आले, फायलीत गेले. पण पारध्याच्या पोरानं आपल्या कोठडीची गोष्ट स्वतः उभी राहून सांगावी, असं व्यासपीठ आपल्याकडे कितीसं आहे? नाट्यवेड्या महाराष्ट्राला हा प्रश्न जरा टोचायला हवा.

(दृश्य: वाचनालयाबाहेर चपलांचा ढीग. आतून आवाज.)

नाटकानं छारानगरचं भलं झालं का? काही मुलं राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोहोचली. काही पत्रकार झाली, काही वकील. काही नाटक करून परत भट्टीवर गेली, कारण घर चालवायचं होतं. पथनाट्याला तिकीट नसतं. देणगी मिळते, संपते. नटाचं लग्न होतं, पोरं होतात, रविवारची तालीम सुटते. हे मराठी हौशी रंगभूमीवाल्यांना समजावून सांगायला नको.

आणि पोलीस? २६ जुलै २०१८ च्या रात्री छारानगरात पोलीस शिरले. घरांत घुसून मारहाण, गाड्यांची मोडतोड झाल्याची वस्तीची तक्रार. एकोणतीस जणांना पकडलं, त्यांत वकील होते, पत्रकार होते. म्हणजे वीस वर्षं नाटक करून, शिकून-सवरून, काळा कोट चढवूनही पत्ता तोच. पण एक फरक होता. दुसऱ्या दिवशी वस्ती गप्प बसली नाही. काय झालं ते कुणासमोर, कुठल्या क्रमानं मांडायचं, मोर्चा कसा काढायचा, कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं, हे जाणणारी माणसं आता गल्लीगल्लीत होती. त्यांतले बरेच कधी ना कधी त्या सतरंजीवर बसलेले.

(दृश्य: तालीम सुरू. काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज, दिग्दर्शकाचा ‘पुन्हा’.)

आज बुधनचं काम करणारी मुलं १९९८ नंतर जन्मलेली आहेत. त्यांना शिकवणारे पहिल्या फळीतले, आता चाळिशी ओलांडलेले. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध निकाल दिला. मुंबईत काम करणाऱ्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका. त्या निकालात विमुक्त जमातींचा आणि ‘सराईत गुन्हेगार’ या शिक्क्याचा सविस्तर ऊहापोह आहे, आणि या जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलेलं आहे. पुन्हा एक निकालपत्र. ज्यांनी पहिलं वाचून नाटक केलं, त्यांना हे कसं वाचायचं ते ठाऊक आहे.