उंबरठ्याच्या आत कोण?

मुंबईतील १८९७ च्या प्लेगची जी छायाचित्रे शिल्लक आहेत, त्यांतल्या काहींमध्ये घराच्या दाराशेजारी भिंतीवर रंगवलेली वर्तुळे दिसतात. त्या घरात प्लेगची नोंद झाली की सरकारी माणूस येऊन तिथे एक वर्तुळ काढून जात असे. एखाद्या चाळीच्या दाराभोवती अशी वर्तुळे एकाखाली एक उतरत गेलेली पाहिली, म्हणजे आत किती खोल्या रिकाम्या झाल्या असतील याचा हिशेब बाहेरून जाणाऱ्यालाही करता येई. जे दुःख घरच्यांनी घरातच ठेवले असते, ते आता भर रस्त्यावर, साऱ्या शहराला वाचता येईल असे लिहिलेले होते, आणि शहराला ते वाचण्याची गरजही होती. ही गोष्ट त्या दोन्ही बाजूंची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या बंदरालगतच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी हा रोग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई गाव सोडून गेली, आणि गेलेल्या माणसांबरोबर रोगही गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मोजून चार कलमांचा हा कायदा आजही वाचण्यासारखा आहे. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, ज्यांच्याविषयी संशय असेल त्यांना वेगळे ठेवावे, हुकूम मोडणाऱ्याला दंडसंहितेखाली शिक्षा व्हावी, आणि या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येऊ नये. शेवटचे कलम सर्वांत छोटे आहे आणि पुढचा बराचसा इतिहास त्याच्याच पोटात दडलेला आहे.

शहराने माणसाकडे काही मागणे हेच मुळात अन्यायाचे होते, असे मात्र म्हणता येणार नाही. साथीत घर सोडण्याची शिस्त आपल्या लोकांना परकी नव्हती. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे करायचे, माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहायचे आणि साथ ओसरली की परतायचे, ही रीत पुढे महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी सरकारी हुकुमाची वाट न पाहता पाळली. त्या झोपड्यांच्या आठवणी कितीतरी घरांत आजीपणजीच्या तोंडून पुढे आल्या आहेत. माणसाने आपली सोय आणि आपले घर गावासाठी बाजूला ठेवायचे, एवढे मागणे त्यालाही कळत होते. पुण्यात फरक पडला तो मागण्याच्या पद्धतीने.

पुण्यात प्लेग आल्यावर वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली आणि १३ मार्च १८९७ पासून घरझडतीसाठी लष्कर शहरात उतरले. गल्लीची तोंडे अडवायची, दारावर थाप द्यायची, कुलूप असले तर ते तोडायचे, आणि ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असे करत बूट घालूनच शेवटच्या खोलीपर्यंत जायचे. गोधड्या आणि कपडे बाहेर काढून जाळले जात, जमीन उकरली जाई, भिंतींवर चुना फासला जाई. यातली सर्वांत झोंबणारी गोष्ट रोगाच्या लक्षणातच होती. प्लेगची गाठ येते ती जांघेत, काखेत किंवा मानेवर, म्हणजे गाठ शोधायची तर अंगावरचे वस्त्र दूर करावे लागे. हे काम गोऱ्या शिपायाच्या हाती आणि कधी कधी चारचौघांदेखत झाले, तेव्हा आरोग्याचा प्रश्न अब्रूचा होऊन बसला.

लष्कर शहरात उतरण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी त्या दवाखान्यात पोहोचवले, आणि त्याच संसर्गाने त्यांचा अंत झाला. रोग्याला घरातून हलवून वेगळे ठेवायचे, हेच रँडच्या माणसांनाही करायचे होते. ते दोन रीतींनी कसे करता येते, याचा याहून जवळचा पुरावा त्या शहराने दिला नसता.

लोकमान्य टिळकांची भूमिका त्या काळच्या गदारोळात पुष्कळांच्या नजरेतून सुटली. रोग्यांना वेगळे ठेवण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. ते पुण्यातच राहिले, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा राग झडतीच्या रीतीवर होता. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि त्याचा लष्करी सोबती लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. विलायतेत असताना शिपायांच्या अत्याचारांविषयी बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांवर, पुरावे उभे करता न आल्यामुळे, जाहीर माफी मागण्याची वेळ आली.

इथे एक अडचणीची गोष्ट नोंदवली पाहिजे. उंबरठ्याच्या बाजूने त्या वेळी जे बोलले गेले, ते बहुतेक कुटुंबप्रमुखाचे बोलणे होते. घराची अब्रू, सोवळे आणि जात यांचे रक्षण व्हावे, अशी ती मागणी होती. माजघरातल्या बाईचे म्हणणे शिपायाने विचारले नाही, तसे घरच्यांनीही फारसे विचारले नाही. तिच्या अंगाला कोणी हात लावावा आणि कोणी लावू नये, हे ठरवणारे दोन्ही पक्ष पुरुषांचेच होते. शिवाय ज्या उंबरठ्याच्या पावित्र्यासाठी पुणे पेटले, तो ओलांडण्याची मुभा त्याच शहरातल्या कितीतरी माणसांना घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या दिलेली नव्हती. व्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणून आपण आज जे ओळखतो, ते त्या भांडणात जवळजवळ गैरहजरच होते.

दुसऱ्या बाजूला सरकारची खात्री दांडगी आणि माहिती अपुरी होती. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते १८९८ साली, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे भिंती धुतल्या, गटारांतून औषधी पाण्याचे लोट सोडले, कौले काढून ऊन आत घेतले, आणि पिसू होती तिथेच राहिली. लोकांकडे माहितीच्या जागी अफवा होत्या. पुतळ्याला डांबर फासले गेल्यामुळे रागावलेल्या राणीला मुंबईकरांची पाचशे काळजे हवी आहेत आणि ती दवाखान्यात काढली जातात, असे लोक बोलत. ज्या दवाखान्यात गेलेला माणूस सहसा परत येत नाही, त्याच्याविषयी असे बोलले जावे यात नवल वाटत नाही.

९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका बारा वर्षांच्या आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारचा हात हळूहळू सैल झाला. सक्तीपेक्षा समजुतीवर आणि लसीवर भर आला. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कैद्याची स्वेच्छा कितपत खरी, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नसावा.

मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्राने तोच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेतला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पंज्यामागे निवडणुकीच्या शाईने विलगीकरणाचा शिक्का मारला जाऊ लागला, आणि दाराशेजारचे वर्तुळ आता कातडीवर आले. मुंबईहून सुरतेकडे निघालेल्या गरीबरथात चौघांच्या हातांवर तो शिक्का दिसला. डब्यात कुजबुज सुरू झाली, आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवले गेले. घरीच राहा असे त्यांना सांगितले गेले होते, आणि ते घरीच निघाले होते. बाकीचे प्रवासी खिडकीतून फलाटाकडे पाहत राहिले.