बँकॉकमध्ये "राजवाडा आज बंद आहे" असे कोणी सांगितले तर

नमस्कार. सांगली-मिरजेतून बँकॉकच्या सहलीला निघालेली मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात, की तिथे पाकीटमार फार आहेत का? पाकीट सांभाळावेच, परंतु मोठ्या रकमेला गंडा बसतो तेव्हा खिसा कापला गेलेला नसतो, पर्यटकाने स्वतःच्या हाताने पैसे मोजून दिलेले असतात.

तेथील एक जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती पाहू. ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या प्रवेशद्वारापासून काही अंतरावर नीटनेटक्या कपड्यांतील एक गृहस्थ आपुलकीने चौकशी करतो आणि समारंभामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद असल्याचे सांगतो. तोवर इतर मंदिरे पाहून या, असे सुचवून तो जवळच्या टुकटुकवाल्याला, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याला, अवघ्या वीस-तीस बाथमध्ये (बाथ हे थायलंडचे चलन) तुम्हाला फिरवून आणायला सांगतो. एवढ्या पैशांत इंधनही सुटत नाही. टुकटुकवाल्याची खरी कमाई रत्नांच्या किंवा कपडे शिवणाऱ्या दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनची असते. वाटेतल्या एखाद्या देवळात भेटलेला दुसरा 'पर्यटक' बोलता बोलता सांगतो, की आपण कालच नीलम घेतले, मायदेशी दुप्पट भाव येतो आणि सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस आहे. या साऱ्या बनावात मला हा साथीदारच सर्वांत धूर्त वाटतो, कारण तो स्वतः काहीच विकत नाही.

दुकानातला खडा पुष्कळदा खराच असतो, फक्त हलक्या प्रतीचा, त्यामुळे नंतर फसवणूक सिद्ध करणे अवघड जाते. खानापूर-आटपाडीकडचे आपले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, हेसुद्धा कस पाहिल्याशिवाय सोन्याचा भाव बोलत नाहीत. मग अनोळखी दुकानाने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्रावर आपण का विसंबावे?

राजवाडा एरवी सकाळी साडेआठला उघडतो. क्वचित तो बंद असतोही, पण त्याची खात्री अधिकृत संकेतस्थळावर किंवा थेट तिकीट खिडकीवर जाऊन करावी. वाट विचारायची झाल्यास माणूस आपण निवडावा, आपणहून पुढे आलेल्याला नम्रपणे नकार द्यावा.

सुवर्णभूमी विमानतळावर टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्यावी. मीटरच्या भाड्यावर ५० बाथ विमानतळ अधिभार आणि टोल द्यावा लागतो, ती फसवणूक नव्हे. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की बाथ असे विचारल्यास बाथ निवडावे, कारण रुपयांचा दर दुकानाच्या बाजूची यंत्रणा ठरवते आणि तो सहसा महाग पडतो. पटायाच्या समुद्रकिनाऱ्यावर जेट-स्की (पाण्यावरची स्कूटर) भाड्याने घेण्याआधी तिच्यावरचे ओरखडे मालकासमोर मोबाइलवर चित्रित करावेत आणि पासपोर्ट तारण म्हणून मुळीच देऊ नये.

वाद वाढलाच तर हमरीतुमरीवर न येता ११५५ हा पर्यटन पोलिसांचा क्रमांक फिरवावा. तेथे इंग्रजीतून बोलता येते.