आज जागायचं कुणी?

(दृश्य : लालबागमधली चाळ. पहाटेचे चार. गॅलरीत पिंपांची रांग.)

निवेदन :
आमच्या चाळीत पाणी पहाटे चारला यायचं. एका घरानं जागायचं, नळ फुरफुरला की मजल्यावरची दारं वाजवायची. दुसऱ्या दिवशी शेजारचं घर. रोज एकाच बाईवर हे काम टाकलं असतं, तर आठवड्यात तिनं अंथरूण धरलं असतं.

(दृश्य : कुर्ल्याजवळ मिठी नदीवरचा पूल. भरून आलेलं आभाळ.)

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी घराघरांत शिरली. जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी. समजा, तिच्या पुलांखाली पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर बसवले. प्रत्येकात एक छोटी बॅटरी. ती बदलायला त्या चिखलात कोण उतरणार? आणि पातळी मोजायला वीज फारशी लागत नाही. खरी खर्च होते ती रेडिओवरून निरोप धाडताना.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानातसुद्धा चौपट ताकद लागते. इमारतींच्या दाटीत त्याहून जास्त. मग निरोप हातोहात पुढे द्यावा? थांबा, हिशेब करू. संशोधकांच्या एका प्रसिद्ध गणितात निरोप पाठवताना आणि घेताना यंत्रणेला बिटमागे, म्हणजे निरोपातल्या एकेका शून्य-एकच्या अंकामागे, ५० नॅनोज्यूल इतकी इवलीशी ऊर्जा लागते. अंतराचा खर्च वेगळा. त्या हिशेबानं १०० मीटर थेट पाठवायला १०५० नॅनोज्यूल पडतात, मध्ये एक सेन्सर घेतला तर ६५०. पण अंतर २० मीटरच असेल तर थेट ९०, आणि मध्यस्थ घेऊन १७०! ऐकणंही फुकट नसतं.

हे गणित २००० साली वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातून मांडलं. त्यांच्या पद्धतीचं नाव 'लीच'. सेन्सरांचे गट पडतात, गटाला एक प्रमुख. बाकीचे आपली वेळ आली की त्याला निरोप देतात आणि झोपतात. प्रमुख सगळ्यांचे निरोप आटोपशीर करून केंद्राकडे, म्हणजे सगळी माहिती जिथं गोळा होते तिथं, पाठवतो. तोच दमतो, म्हणून दर फेरीला प्रमुख बदलतो, आणि एकदा प्रमुख झालेल्याला इतरांची खेप होईपर्यंत सुट्टी. आमच्या चाळीत हेच चालायचं.

पण लीचमध्ये प्रत्येक प्रमुख केंद्राशी थेट बोलू शकतो, असं गृहीत आहे. १८ किलोमीटरच्या नदीवर ते कसं जमणार? तिथे प्रमुखांनाच एकमेकांचे निरोप पुढे न्यावे लागतील.

(दृश्य : दहीहंडी. तळाच्या थरातल्या गोविंदांचे खांदे.)

मग केंद्राजवळच्या सेन्सरांवर सगळ्या नदीचा भार पडतो आणि ते आधी मरतात. वरच्या अंगाचे सेन्सर जिवंत, पण मुके. गोविंदा पथक तळाच्या थरात सर्वांत जास्त माणसं उभी करतं. केंद्राजवळही सेन्सर तसेच दाट लावावे लागतात. एकूण वीज किती वाचली हे मला दुय्यम वाटतं. पहिला सेन्सर कधी मेला, जूनमध्ये की सप्टेंबरमध्ये, हे मी आधी विचारेन.

आणखी एक सोय करता येते. पातळी ठरावीक खुणेच्या वर गेली तरच बोलायचं. मेमध्ये पुलाखालचा सेन्सर मधूनमधून पाणी पाहील आणि गप्प झोपेल.

(दृश्य : पुलाच्या खांबावरची लाल खूण. पाणी तिच्यापर्यंत चढतं.)

जुलैत पाणी इथं टेकलं की तो दारं वाजवायला लागेल.